चार कान, बारा तोंडं

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८

मफद्दल एकटा बसला होता! समोर बारा माणसं, आणि हा एकटा!

बाजारातून येताना बोटं गारठली म्हणून जुन्या कचेरीत डोकावलो. शेगडीपाशी जरा बसावं, एवढंच मनात. उभा जन्म त्या शेगडीच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला मफद्दल. अदूलाचं, साक्षी लिहून घेणाऱ्याचं, काम जोडीनंच करायचं असतं. साक्षीदार बोलतो, दोघं ऐकतात, दोघं सह्या करतात. एकाचे कान डुलकी घेत असले तर दुसऱ्याचे जागे असतात. या चार कानांवर भरवसा ठेवून तर लोक आमच्यापुढे लग्नं करतात, घरं विकतात, मेलेल्यांचे वारस ठरवतात. मी निवृत्त झालो, माझ्या जागी फेस शहरातून एक तरुण आला. तो कुठंय विचारलं तर मफद्दल म्हणाला, गाडी दुरुस्तीला घेऊन गेलाय, संध्याकाळी येऊन सही करेल.

काय ऐकून सही करेल?

आणि ते बारा जण! सगळे न्यायालयासमोरच्या कॅफेतले. दाढीला मेंदी लावणारा तो द्रिस, सुट्या सिगारेटी विकणारा त्याचा मेव्हणा, आणि उरलेले तसलेच. दिवसभर एका कपावर बसून राहायचं. कुणाला साक्षीदार कमी पडले की उठायचं, सांगितलं ते बोलायचं, खिसा गरम करून पुन्हा आपल्या खुर्चीवर. मी दारात उभा असतानाच द्रिस घडाघडा बोलत होता — मयत मोहा उ-सईद बिनलग्नाचा मेला, मागे बायको नाही, मूल नाही, वारस एकटा पुतण्या बासू.

मोहा! माझ्या समोरच्या दारातला मोहा! मग इत्तो कोण?

मंगळवार, २० नोव्हेंबर

सकाळी इत्तोनं दारातूनच हाक मारली. ती बाहेर पडत नाही. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायचे असतात ते ती डोळ्यांत तेल घालून पाळते आहे. पांढरा जेलाबा, पांढरा रुमाल, पांढऱ्या सपाता. उंबऱ्याच्या आत बसून कफ्तानांच्या रेशमी गुंड्या करते. सुई तेवढी चालते, मान वर होत नाही. मोहा होता तेव्हा ती वर व्हायची — त्याला शिव्या घालायला. चहात साखर किती, दारातल्या चपला कुठे, रेडिओ केवढ्यानं! गल्लीनं त्यांच्या या भांडणावर घड्याळ लावलं असतं. माझी बतूल असताना आम्ही दोघं खिडकीत बसून ऐकायचो. बतूल म्हणायची, बघा, असं भांडायला माणूस आपलं असावं लागतं.

इत्तोला बासूनं निरोप पाठवलाय — घर रिकामं कर. मोलकरणीला घरात राहायचा हक्क नसतो म्हणे!

लग्न डोंगरात झालं, ती म्हणाली. वरच्या गावी तेव्हा कोण कागद करत होतं? सुई थांबवून एकदाच माझ्याकडे बघितलं. घराशिवाय तिच्याकडे काहीही नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर

मफद्दलशी कडाकडा भांडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तू मोहाच्या घरी कुसकुस खाल्लंयस, तिच्या हातचं! आणि तू ते लिहून घेतलंस?

तो म्हणाला, लिहून घेणं माझं काम, शपथ त्यांची. मी म्हटलं, ऐकणंही तुझंच काम. तेव्हा हसला. "तू घरी बस, सी थामी. शाळेतल्या कविता म्हण. कचेऱ्या आता अशाच चालतात."

म्हणतोच! शाळेत आम्हाला कविता छातीवर हात ठेवून म्हणायला लावत. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मास्तर काठीनं फळ्यावर टक् करायचे. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. उंट, विझलेली चूल, ओस पडलेला तळ — आम्ही शहरातली पोरं, उंट कुणी पाहिला होता? पण शब्द हलला नाही. आणि इथे एका बाईचं अख्खं आयुष्य हलवलं, तर काठी वाजवायला कुणी नाही!

मंगळवार, २७ नोव्हेंबर

इत्तोसाठी वकिलाकडे गेलो. उस्ताद जलाल. चामड्याचा सोफा, भिंतीवर झगा, बोलणं मधासारखं. त्यानं सगळं नीट समजावलं. कागद नसलेलं जुनं लग्न न्यायालयात सिद्ध करता येतं. पण त्याची सवलत फेब्रुवारीच्या पाच तारखेला संपते. त्याआधी दावा दाखल व्हायला हवा, आणि दाव्यासोबत बारा जणांची साक्ष. ती झाली तर घरावर इत्तोचा हक्क. नाही झाली तर रस्ता.

मी म्हटलं, बारा जण जमवायला वेळ लागेल.

"तुम्ही कशाला दगदग करता? मी आणतो."

कुठून, विचारलं.

"तिथूनच. द्रिसची माणसं नकोत, ती बासूकडून बोललीयत. पलीकडच्या टेबलावरची घेऊ."

मी चहा तसाच ठेवून उठलो. तो दारापर्यंत सोडायला आला, अगदी अदबीनं. म्हणाला, "सी थामी, खरं तुमच्याच बाजूला आहे ना? मग ते कुणाच्या तोंडून निघालं, यानं काय बिघडतं?"

बिघडतं! सगळंच बिघडतं! विकत घेतलेलं खरं आणि विकत घेतलेलं खोटं एकाच टेबलावर बसून एकच सिगारेट ओढतात, मग न्यायाधीशानं ओळखायचं कसं? म्हटलं, बारा मी आणीन. गल्लीतले, पाहिलेले, ऐकलेले.

"आणा. एखादा कमी पडला तर फोन करा," म्हणाला.

सोमवार, ३ डिसेंबर

भट्टीवाला हम्मू तयार. न्हावी कासिम तयार. मी आहेच.

रविवार, ९ डिसेंबर

मुकद्दमवरचा संताप अजून उतरत नाही म्हणून लिहितो. मोहल्ल्यात कोण कुणाच्या घरी राहतं, कुणाकडे पाहुणा उतरला, कुणाची मेंढी व्याली, सगळं या माणसाच्या जिभेवर. सरकारनं त्याला त्यासाठीच नेमलंय. इत्तो या घरात मोहाची बायको म्हणून राहत होती असा दाखला मागितला. लगेच दिला! शिक्का मारला, त्यावर फुंकरही घातली. मी खूश. निघताना सहज म्हणाला, पुतण्यालाही दिलाय.

काय दिलंस त्याला?

हेच, की मोहा एकटा राहायचा, घरकामाला एक बाई होती.

एकच हात, एकच शिक्का, दोन दाखले! मी ओरडलो तर त्यालाच वाईट वाटलं. "सी थामी, दाराशी आलेल्याला मी रिकाम्या हातानं कसा पाठवू? खरंखोटं बघायला न्यायाधीश बसलाय की."

म्हणजे अदूल म्हणतो शपथ त्यांची, मुकद्दम म्हणतो न्यायाधीश बघेल, वकील म्हणतो काय बिघडतं. आणि न्यायाधीश काय बघणार? यांनीच पाठवलेले कागद!

शुक्रवार, १४ डिसेंबर

आज तर कडेलोट झाला.

नौफल — बतूलच्या भावाचा मुलगा, चाळिशी उलटलेला, शाळेतली नोकरी सोडून मोबाइलवर 'गावाचा कान' नावाचं पान चालवणारा — त्यानं इत्तोचा फोटो टाकलाय. पांढऱ्या कपड्यात, उंबऱ्यात, हातात गुंडी. न विचारता काढलेला. वर मोठ्या अक्षरात: मोलकरीण की बायको? खाली मयताच्या घरावर डोळा, वगैरे वगैरे. नमाज आटोपून बाहेर पडलो तर प्रत्येकाच्या हातात तेच. गोमांसवाल्यानं मला दाखवलं — मलाच! — तुमच्या गल्लीतली ना ही, म्हणून.

जेवण टाकून नौफलकडे गेलो. तो कुसकुसवर ताक ओतत होता. बसा म्हणाला. बसलो नाही. विचारलं, हे कुणी सांगितलं तुला? म्हणाला, बासूनं, आणि बारा जणांची साक्ष आहे त्याच्याकडे, रीतसर. तिला विचारलंस का? तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणाला. अरे, दार आहे ना तिच्याकडे! तू त्याच दारासमोर उभा राहून फोटो काढलास!

त्यावर काय म्हणाला? "काका, मी कुठे काही म्हटलंय? शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

प्रश्नचिन्ह! चिखल फेकायचा आणि वर छोटासा आकडा काढून ठेवायचा, की झाले हात स्वच्छ!

सोमवार, १७ डिसेंबर

कासिम न्हाव्यानं नाही म्हटलं. गिऱ्हाइकं चिडवतात म्हणे. इत्तोच्या दारावर कुणीतरी कोळशानं 'मोलकरीण' लिहिलं. मी जाऊन पुसलं. ती आतून म्हणाली, राहू द्या सी थामी, पाऊस येईल. मी पुसलंच. नीट गेलं नाही.

सोमवार, ७ जानेवारी २०१९

पाऊस, वर डोंगरात बर्फ. चहात पुदिन्याऐवजी दवण्यासारखी ती कडू शीबा घालायचे दिवस. बतूल दोन पानं जास्त घालायची आणि मी तोंड वाकडं करायचो. आता मीच दोन पानं जास्त घालतो.

गिरणीत ऑलिव्ह आणणाऱ्या गाढवांचा ओला वास गल्लीभर. या वासानं मला नेहमी शाळा आठवते. छप्पर गळायचं, मास्तर आम्हाला भिंतीकडे सरकवायचे आणि पावसाच्या तालावर कविता म्हणवून घ्यायचे. तेव्हा वाटायचं, मोठेपणी जगात सगळी माणसं अशीच एका सुरात खरं बोलत असतील!

दारोदार हिंडतोय. गुडघे बोलायला लागलेत. काही दारं उघडतात, काही उघडून मिटतात. तेलवाल्या बेनयूनुसनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बासू माझ्याकडून तेल घेतो. त्याच्या समोरच राहणाऱ्या म्हाताऱ्या अल्लालला काही समजावावं लागलं नाही; कधी यायचं तेवढं सांग म्हणाला. हम्मूनं भट्टीवरच पाव काढता काढता चारचौघांत सुनावलं: "बायको नसती तर मोहानं तिच्या एवढ्या शिव्या ऐकल्या असत्या का? मोलकरणीला माणूस घाबरत नाही!" सगळी भट्टी हसली. त्या हसण्यात आणखी दोघं तयार झाले.

मंगळवार, २२ जानेवारी

नौफल आला होता. मजकूर काढून टाकलाय म्हणाला. पण तोवर सगळ्यांनी उतरवून घेतला होता आणि एकमेकांना धाडला होता, हे त्यालाही ठाऊक. आता तो इत्तोची बाजू मांडायला तयार आहे, तिनं कॅमेऱ्यापुढे रडून दाखवलं तर! 'रडून दाखवलं तर' असं म्हणाला नाही. भावना हव्यात म्हणाला. मी दार दाखवलं. बतूलचा भाचा नसता तर काठीही दाखवली असती.

शनिवार, २६ जानेवारी

बारा झाले! कासिमही परतला — बायकोनं घरात घेतलं नाही म्हणे, इत्तोच्या बाजूनं उभा राहीपर्यंत. माझ्यासकट बारा. एकही कॅफेतला नाही.

मफद्दलकडे गेलो. गुरुवारी साक्ष, आणि दोघं हजर पाहिजेत, मी म्हटलं, तो फेसवाला गाडीखाली असला तरी ओढून आण. मफद्दलनं शेगडीतली राख सारखी केली. मग म्हणाला, येईल. मीही नीट ऐकेन, सी थामी. एवढंच. पण जुना मफद्दल बोलला.

मंगळवार, २९ जानेवारी

इत्तोच्या अंगणात सगळ्यांना जमवलं. ती पडद्याआड. आतून चहा येत होता. मी सांगितलं, पाहिलंत तेवढंच बोला. लग्नाची फातिहा वाचताना कुणी पाहिलं नसेल तर पाहिलं म्हणू नका. हे दोघं नवरा-बायको म्हणून राहिले, आम्ही त्यांना नवरा-बायको म्हणूनच ओळखतो, त्यांचं लग्न झालेलं नाही असं कधी आमच्या कानावर आलं नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, हेच बोला. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. खरं बोलायला तयारी लागत नाही.

कासिमनं विचारलं, मग सी थामी, ही तयारी कशाची चाललीय? हशा पिकला. मीही हसलो. किती दिवसांनी त्या अंगणात माणसांचा आवाज!

बुधवार, ३० जानेवारी

दुपारी इत्तोनं हाक मारली. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर पायरीवर मी. हातात सुई नव्हती.

म्हणाली, "फातिहा कुणी वाचलीच नाही, सी थामी."

मला कळेचना. पुन्हा म्हणाली. तिच्या बापाला मोहा नको होता. दोघं ऑलिव्हच्या ट्रकमधून खाली पळून आली. गल्लीत पहिल्यांदा जिनं विचारलं तिला मोहानं सांगितलं, ही माझी बायको. झालं. त्यानंतर दर वर्षी मोहा म्हणायचा, वसंत आला की जाऊन वाचून घेऊ. मग लाज वाटायला लागली. लग्न झालेल्या माणसांनी लग्न कसं करायचं? सगळी गल्ली हसेल. तेवढ्यात म्हातारपण आलं.

मी चिडलो. खूप चिडलो! इतका बासूवर नाही, नौफलवर नाही. म्हटलं, हे आज सांगतेस? गप्प बसली असतीस तर मी उद्या खरं बोललो असतो!

"काल तुम्ही पडद्यापलीकडून सांगत होतात, पाहिलंत तेवढंच बोला. इतरांना ठाऊक नाही, ते खोटं बोलणार नाहीत. तुम्ही माझ्यासाठी त्या सगळ्यांशी भांडलात. तुम्हाला मी फसवून कसं नेऊ? तुम्ही उद्या येऊ नका."

मी आलो नाही तर अकरा. अकरावर मफद्दल लेखणी उचलणार नाही. जलाल फोनची वाटच बघतोय. पलीकडच्या टेबलावरून एक जण उठेल, चहा संपवून. आणि कुणीच उठलं नाही तर मंगळवारी मुदत संपते आणि बासू कुलूप घेऊन येतो.

घरी येऊन शेगडी पेटवली नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. द्रिसची ती साक्ष, विकत घेतलेली, मोहाचं तोंडही न पाहिलेल्या माणसांची — तीच खरी होती! मोहा बिनलग्नाचाच मेला! आणि ही बाई कुणी बघत नसताना, कुणी मागितलं नसताना, पांढरे कपडे घालून दिवस मोजतेय. एवढी विधवा मी आजवर कुठल्या दस्तात लिहिली नाही.

कुणावर चिडू?

गुरुवार, ३१ जानेवारी

मी शेवटचा. फेसवाला हजर होता. मफद्दलनं विचारलं, मोहा आणि इत्तोचं लग्न झालेलं होतं, हे तुला ठाऊक आहे? मग हसून फेसवाल्याकडे वळला. म्हणाला, यांना विचारायचं ते नुसतं रीत म्हणून.

आहे, म्हणालो. सही नेहमीसारखीच आली.